चला, शिवारफेरीला

 

आजचा विषय ठरवताना आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न विचारला होता. तोच आज तुम्हालाही विचारतो. हातात खुरपं नाही, डोक्यावर पाटी नाही, कडेवर लेकरू नाही, अशी तुम्ही शिवारात शेवटची कधी गेला होतात? आमच्या बैठकीत आधी हशा पिकला. मग सगळ्या गप्प झाल्या. एक आजी म्हणाल्या, "लग्न होऊन आले तवा सासूनं शेत दाखवाया नेलं होतं, माय. त्या दिवशी डोक्यावर काई नव्हतं." त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली.

चालणं आपल्याला नवं नाही. आपण दिवसभर चालतोच. पण घरून आपलं शेत आणि शेतातून घर, एवढीच आपली वाट. गावाच्या दुसऱ्या अंगाला काय पिकतं, ओढा कुठून वळतो, कुठली पांदण बुजली, हे विचारलं तर आपण माणसांकडे बघतो. म्हणून आज शिवारफेरीबद्दल बोलू. शिवारफेरी म्हणजे दहा-पंधरा जणींनी मिळून, सावकाश, आपल्याच गावाचं शिवार बघत फिरणं. त्यात कामाची घाई नाही आणि कुणाच्या पुढे जायची चढाओढही नाही. पाणलोटाच्या कामात गावाचा आराखडा करण्याआधी अशी फेरी काढतात, हे तुमच्यापैकी काही जणींना ठाऊक असेल. आमचं म्हणणं एवढंच, की अधिकारी येण्याची वाट न बघता ती आपण स्वतः काढावी.

एकत्र चालण्याचा संस्कार आपल्याकडे आहेच. आषाढी वारीसाठी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. गंगाखेड तर जनाबाईंचं गाव. पालखी आली की आपणही चार पावलं सोबत चालतो. आपल्या शेजारी लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला, म्हणजे येळवसला, अख्खं गाव रिकामं होतं. सगळे शेतात जातात, पूजा करतात, आंबील-भज्जी खातात आणि शिवारात फिरतात. त्या दिवशी शेतात कुणी कामाला जात नाही. शेत बघायला जातात, शेतासोबत जेवायला जातात. शिवारफेरी याच नात्यातली आहे.

आता जरा दूर जाऊ. इंग्लंड नावाचा देश आपल्याला पुस्तकातून माहीत आहे. तिथे खेड्यापाड्यातून पायी फिरण्याची मोठी हौस आहे. सुटीच्या दिवशी म्हातारी माणसं, बाया, लेकरं पायात मजबूत बूट घालून निघतात. गावातल्या चर्चपासून सुरुवात करायची, दगडी कुंपणाच्या कडेनं जायचं, मेंढ्यांच्या कुरणातून, गव्हाच्या शेतातून, ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून दुसऱ्या गावात पोचायचं, तिथे चहा घ्यायचा आणि परत यायचं. वाटेत कुंपण आलं तर त्यावरून चढून जायला लाकडाच्या दोन पायऱ्या असतात. कुठे एकेका माणसानं आत शिरून पुढे निघावं असं छोटं फाटक असतं. माणूस जातो, जनावर अडतं. डांबरी रस्त्यावरून वाट शेतात वळते तिथे खांब असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, ही सर्वांची पायवाट.

ऐकून आमच्यातल्या एका वहिनींनी लगेच विचारलं, "पण शेत तर दुसऱ्याचं ना? मालक जाऊ देतो?" प्रश्न अगदी नेमका होता. शेत मालकाचंच असतं. पण त्यातून जाणारी पायवाट वापरण्याचा हक्क सगळ्यांचा असतो. तो मालकाचा उपकार नाही, कायदा आहे. वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकरी ती नांगरू शकतो, पण नांगरल्यावर 14 दिवसांच्या आत निदान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. वाट बांधाच्या कडेनं असेल तर ती नांगरताच येत नाही. आणि एखाद्या वाटेनं लोक 20 वर्षं मोकळेपणानं, कुणाची परवानगी न मागता चालत आले असतील आणि मालकानंही हरकत नोंदवली नसेल, तर ती सर्वांची वाट मानली जाते. इंग्लंड आणि त्याला लागून असलेल्या वेल्समध्ये अशा वाटांची लांबी सुमारे 2,25,000 किलोमीटर भरते.

हे सगळं आपोआप मिळालं नाही. तिथेही जमीनदारांनी मोठमोठे माळ शिकारीसाठी बंद केले होते. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या कारखान्यांत काम करणारी शेकडो तरुण मंडळी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मनाई मोडून चालत गेली. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे 1949 मध्ये कायदा झाला. प्रत्येक भागातल्या सार्वजनिक पायवाटा शोधून त्यांचा अधिकृत नकाशा करायचं ठरलं. ते काम कुणी केलं? आपल्या ग्रामपंचायतीसारख्या तिथल्या गावसभांनी मोठा वाटा उचलला. गावातली माणसं वाट चालून बघत, म्हाताऱ्यांना विचारत आणि कागदावर लिहून देत. जी वाट चालती राहिली आणि कागदावर आली, ती टिकली.

आता आपल्या शिवारात परत येऊ. तिथली हवा वेगळी, माती वेगळी, आणि तिथे बहुतेक लोक हौसेनं चालतात. आपण पोटासाठी चालतो. म्हणजे वाटेची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त आहे. तरीही आपल्या वाटा एकेक करून नाहीशा होत आहेत.

वाट कुणी एका दिवसात गिळत नाही. नांगरणीला एक तास वाटेकडे सरकतो. पुढच्या वर्षी आणखी एक. मग कडेला काट्याची फांदी पडते. मग दगड पडतात. शेजारचा म्हणतो, त्यानं घेतलं तर मी का सोडू? दोन्हीकडून असं झालं की बैलगाडीच्या वाटेची पायवाट होते, आणि पायवाटेचा उरतो तो एकेक पाऊल जपून टाकायचा धुरा. त्यात आपली काळी माती. पावसात ती फुगते, चपलेला शेर-शेर चिखल चिकटतो, गाडीचं चाक आसापर्यंत रुततं. सोयाबीनची गंजी शेतात उभी, वर आभाळ आलेलं, आणि माल बाहेर काढायला रस्ता नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

याचा भार कुणाच्या डोक्यावर येतो? ट्रॅक्टर आखाड्यापर्यंत जात नाही म्हणून खताची पिशवी, कापसाचं गाठोडं, कडब्याच्या पेंढ्या, पऱ्हाटीचा भारा बाईच्या डोक्यावर येतो. दिवस भरलेल्या सुनेला आखाड्यावरून गावात आणायचं तर बाजेवर आणावं लागतं. पावसाळ्यात लेकरं शाळा बुडवतात. आणि जी बाई एकटी शेती करते, तिला रोज दुसऱ्याच्या धुऱ्यावरून मिनतवारी करत जावं लागतं. भांडण झालं की पहिली तिची वाट बंद होते.

आमची पहिली फेरी मार्गशीर्षात निघाली. अकरा जणी होतो. वेशीपासून मारुतीच्या पारावरून ओढ्याकडे निघालो. ज्या पायवाटेनं आम्ही रोज जातो, तिथे त्या आजी थांबल्या आणि काठी टेकून म्हणाल्या, "हितून माझी वरातीची गाडी आली. समोरून दुसरी गाडी आली तर दोन्ही जायच्या." आम्ही बघतच राहिलो. आता तिथे दोघी जणी शेजारी शेजारी चालू शकत नव्हत्या. एका बाजूला बाभळीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला तूर. इतकी वर्षं आम्ही तिथून खाली मान घालून गेलो होतो. डोक्यावर ओझं असलं की माणूस पायाखालचं बघतो, आजूबाजूचं बघत नाही. त्या दिवशी डोकं मोकळं होतं म्हणून दिसलं.

फेरीनंतर आम्ही गावनकाशा मिळवला. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून त्याची नक्कल मिळते. नकाशा बघून घाबरू नका. तो वाचता येतो. साधारणपणे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता दोन सलग रेषांनी दाखवतात. गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाट एका तुटक रेषेनं दाखवतात, तिची रुंदी सव्वाआठ फूट. आमच्या ओढ्याच्या वाटेवर दोन तुटक रेषा होत्या. आजींचं म्हणणं खरं निघालं. मात्र लक्षात ठेवा, बांधावरून आपापल्या शेतात जाण्याच्या सगळ्या वाटा नकाशावर नसतात. त्या वहिवाटीनं चालतात. त्यांची आठवण म्हाताऱ्या माणसांजवळ असते. म्हणून त्यांना फेरीला आधी बोलवा.

वाट अडली तर काय करता येतं, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, चार माणसांत बोलणं. अडवणारा बहुतेक वेळा आपल्याच भावकीतला असतो. नकाशा पुढे ठेवून बोललं की आवाज खाली येतो. ग्रामसभेत विषय मांडा, ठराव करून घ्या आणि ठरावाची नक्कल मागा.

दुसरी गोष्ट, नकाशावरचा रस्ता कुणी दाबला असेल तर मोजणी करून घेऊन अतिक्रमण काढण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट, पूर्वीपासून वहिवाटीत असलेला रस्ता कुणी अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. ही मुदत पाठ करून ठेवा. "बघू, सुगी झाल्यावर" म्हणत म्हणत ती निघून जाते.

चौथी गोष्ट, आपल्या शेतात जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली शेजारच्या शेताच्या बांधावरून वाट मागता येते. शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी वाट हवी, हे ध्यानात घेऊन तहसीलदार निर्णय देतात. तो निर्णय मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येतं.

यात एक मेख आहे आणि ती आपल्या बायकांसाठी फार महत्त्वाची आहे. कलम 143 खाली वाट मागायची ती जमीन धारण करणाऱ्यानं. आता बघा, नवरा वारला, शेत बाई कसते, पण सातबाऱ्यावर अजून नवऱ्याचं किंवा सासऱ्याचंच नाव आहे. मग तिचा अर्ज पहिल्या पायरीलाच अडखळतो. म्हणून वाटेच्या आधी वारसाची नोंद करून घ्या. आमच्या गटात अशा तीन जणी निघाल्या. रस्ता शोधायला गेलो आणि आधी नाव शोधावं लागलं.

आणखी दोन गोष्टी. 2021 मध्ये राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. रोजगार हमीशी सांगड घालून पांदण रस्ते पक्के करायची ती योजना. आणि 2025 मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याच्या सूचना शासनानं दिल्या. म्हणजे वाट मिळाली, की ती कागदावर चढली का तेही बघायचं. तोंडी मिळालेली वाट शेत विकलं गेलं की नव्या मालकाला माहीत नसते.

आता फेरी कशी काढायची ते बघू. फेरी फक्त भांडणासाठी नाही. ती आधी बघण्यासाठी आहे.

दिवस निवडा दिवाळी ते संक्रांतीच्या मधला. चिखल वाळलेला असतो आणि शिवार भरलेलं असतं. सकाळचं दव ओसरलं की निघा, ऊन चढायच्या आत परत या. पहिल्या फेरीला दोन-तीन किलोमीटर पुरे. सगळ्यात हळू चालणारी पुढे, बाकीच्या तिच्या मागे. यानं कुणी मागे पडत नाही आणि म्हाताऱ्या बाया हक्कानं थांबून सांगतात. पायात घट्ट चप्पल किंवा बूट हवेत. हातात काठी, सोबत पाणी. गवतातून जाताना काठी आपटत चाला. ज्या शेतात फवारणी झाली असेल तिथे शिरू नका. पिकाभोवती तार असेल तर तिला हात लावू नका, रानडुकरांसाठी कुणी वीज सोडलेली असू शकते. आखाड्याजवळ गेलात की लांबूनच हाक द्या, म्हणजे मालक कुत्रं धरील. पिकातून जाऊ नका, हरभऱ्याचा घाटाही विचारल्याशिवाय तोडू नका. लोकांनी वाट मोकळी ठेवावी असं आपण म्हणतो, तेव्हा आपलं पाऊलही शहाणं हवं.

काय बघायचं? पाणी बघा. ओढ्याला कुठपर्यंत धार आहे, कुठली विहीर भरलेली आहे, बांध कुठे फुटला. झाडं बघा. बांधावरचा आंबा, चिंच, कडुलिंब, बोर, हिवर यांची मोजदाद करा. वाट गेली की बांध जातो आणि बांध गेला की ही झाडंही जातात. त्यांच्यासोबत सावली जाते, सरपण जातं, टिटवी-भारद्वाजाचा आसरा जातो. पावसाळ्याच्या तोंडी एखादी फेरी काढलीत तर रानभाज्या बघा. तरोटा, घोळ, आघाडा, चिवळ, पाथरी, कुंजीर. आमच्या तरण्या सुनांना यातल्या दोनच ओळखता आल्या. त्या भाज्या बांधावर आणि वाटेच्या कडेला उगवतात, तणनाशक मारलेल्या शेतात नाही.

पिकंही बघा. आमच्या फेरीत चार ठिकाणी तूर, सगळीकडे कापूस, आणि ज्वारी फक्त दोन तुकड्यांत दिसली. आजी म्हणाल्या, एके काळी या दिवसांत ज्वारीत माणूस दिसायचा नाही. त्यावरून बैठकीत चर्चा झाली. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं परभणी मोतीसारखं ज्वारीचं वाण दिलं आहे. 2018 मध्ये परभणी शक्ती हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण आलं. अंगात रक्त कमी असलेल्या बाया प्रत्येक गटात असतात. तर निदान घरच्या भाकरीपुरती ज्वारी का लावू नये? पुढच्या हंगामात पाच जणींनी अर्धा-अर्धा एकर पेरायचं ठरवलं. हे बैठकीत बसून सुचलं नसतं.

आणि जे बघाल ते लिहून ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये खेड्यातल्या बायकांचे गट आहेत, विमेन्स इन्स्टिट्यूट म्हणतात त्यांना. ब्रिटनमधला त्यांचा पहिला गट 1915 मध्ये वेल्समधल्या एका गावात निघाला. 1965 मध्ये 50 वर्षं झाली तेव्हा गावोगावच्या बायकांनी आपापल्या गावाच्या वह्या केल्या. त्या वर्षी गाव कसं होतं, ते चित्रं, फोटो, मजकूर लावून त्यांनी नोंदवलं. आज त्या वह्या जपून ठेवल्या आहेत. आपल्याला बचत गटाची वही लिहायची सवय आहेच. तशीच एक दोनशे पानी वही शिवाराची करा. लिहिता न येणारीनं सांगायचं, शाळेतल्या पोरीनं लिहायचं. तारीख, वाट, कुठून कुठपर्यंत, पूर्वी किती रुंद होती, हे कुणी सांगितलं. उद्या तहसीलमध्ये पंचनामा व्हायची वेळ आली तर काय विचारायचं आणि कुणाला बोलवायचं, ते या वहीतून कळेल.

आमच्या वाटेचं पुढे काय झालं, ते खरं खरं सांगतो. ग्रामसभेत नकाशा दाखवला. आजी उभ्या राहून बोलल्या. बाभळीचं कुंपण घातलेल्या दादांनी पंधरा दिवसांत स्वतःच ते मागे घेतलं. म्हणाले, "मलाही गाडी न्यायचीच हाय की." दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याला ते पटलं नाही. त्याचं प्रकरण अजून चालू आहे. यंदा बैलगाडी वेशीपासून दोन हिस्से वाट जाते, शेवटचा हिस्सा अजून डोक्यावरच. पण कापूस वेचणीला गाठोडी पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी अंतर वाहिली. आणि आता आम्ही दर महिन्याला त्या वाटेनं एकदा रिकाम्या हातानं चालतो. पुन्हा एक तास जरी सरकला तरी आम्हाला कळेल.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते भरून झाले की एवढं ठरवा. एक दिवस, एक वाट, एक वही. गावातल्या सगळ्यात थोरल्या बाईला पुढे घाला आणि तिला विचारा, "आजी, पूर्वी हितून काय जायचं?" मग ऐकत चाला.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या वाटेची गोष्ट आम्हाला सांगा. राम राम.